दुसऱ्या नंबरचा प्लग

"ट्रॅक्टरला प्लग? साहेब, ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. डिझेलला प्लग कुठला?"

इंदूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला तो पोरगेला विक्रेता हसला, तेव्हा दादांना ओशाळल्यासारखे झाले. अठ्ठावन्न वर्षांचे वय, विमा कंपनीतली चौतीस वर्षांची नोकरी, आणि एका पोराने चारचौघांत आपल्याला अडाणी ठरवावे! पण त्या पोराचेही चुकले नव्हते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. ठिणगीची गरजच पडत नाही. आज देशातल्या शेतांत फिरणारे ट्रॅक्टर डिझेलचे. त्या पोराने प्लगचा ट्रॅक्टर पाहिला असणार तरी कुठे?

"आमचा पेट्रोलवर सुरू होतो आणि मग रॉकेलवर चालतो," दादा म्हणाले. "फर्ग्युसन आहे. १९५३ चा."

पोराने मान डोलावली, आत गेला आणि चार प्लग आणून काउंटरवर ठेवले. "हेच चालतं. चौदा एमएमचे आटे. घेऊन जा."

दादांनी पैसे मोजले आणि देवासची बस पकडली.

देवासपासून थोड्या अंतरावर त्यांचे गाव. माळव्यात येऊन किती पिढ्या झाल्या हे आता घरात कुणी मोजत नाही. बोलण्यात हिंदी मिसळली, ताटात दालबाटी आली, पण खंडेनवमी काही सुटली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोयते, विळे, पाने, पंप सगळे धुऊनपुसून अंगणात मांडायचे, झेंडूची फुले वाहायची आणि शेवटी आबांनी कडुनिंबाखालचा जुना फर्ग्युसन सुरू करायचा. ट्रॅक्टर धडधडला की पूजा संपली.

२०२० मध्ये आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समोरच्याचे बोलणे कळायचे, पण ओठांवर शब्द यायचा नाही. त्या वर्षापासून ट्रॅक्टरही मुका झाला. नुसतीच फुले वाहून पूजा होऊ लागली.

विकायचे ठरले

२०२३ च्या भाद्रपदात धाकट्या भावाचा फोन आला. पंजाबातले एक हौशी गृहस्थ जुने ट्रॅक्टर जमवतात. त्यांना फर्ग्युसन हवा होता. चालू स्थितीत असेल तर चांगले पैसे, नाही तर त्याच्या निम्मे. विहिरीचे काम अर्धवट राहिले होते, आबांच्या औषधपाण्याचा खर्च होताच.

"आबांना विचारलंस?" दादांनी विचारले.

"विचारलं. डाव्या हातानं ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं, मग चावी फिरवल्याची खूण केली. आधी सुरू करा म्हणतात. मग काय ते करा."

भाऊ पुढे जरा थांबून म्हणाला, "दादा, तू ये. मला त्यातलं कळत नाही."

दादांना तरी कुठे कळत होते! चार भावंडांत दादा दुसरे. थोरली ताई बडोद्याला, धाकटी बहीण ग्वाल्हेरला, धाकटा भाऊ शेतीवर. तिघेही लग्न-संसार होईपर्यंत वाड्यात वाढले. दादांना मात्र १९७३ मध्ये, आठव्या वर्षी, इंदूरला मामाकडे ठेवले. गव्हाच्या मळणीत भुसा उडू लागला की त्यांना धाप लागायची, हे खरे. पण मळणी काय बारा महिने असते? सुट्टीत घरी आले की भावंडांचे खेळ, भांडणे, आबांबरोबर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मारलेल्या चकरा, सगळे त्यांच्याशिवाय घडून गेलेले असायचे. "मलाच का वेगळं ठेवलं?" हा प्रश्न त्यांनी आबांना कधी विचारला नाही. प्रश्न मात्र पन्नास वर्षे त्यांच्याबरोबर राहिला. आणि आता विचारून उत्तर मिळण्यासारखे नव्हते.

राखाडी रंगाचा पाहुणा

हा ट्रॅक्टर आला तेव्हा आबा चौदा वर्षांचे होते. आजोबांनी दोन बैलजोड्या विकून आणि कर्ज काढून तो घेतला. इंग्लंडमधल्या कोव्हेन्ट्री शहरात १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक राखाडी ट्रॅक्टर तयार झाले आणि जगभर गेले. अवजार ट्रॅक्टरमागे नुसते ओढत न नेता तीन जागी जोडायचे आणि तेलाच्या दाबाने उचलायचे, ही हॅरी फर्ग्युसनची युक्ती त्यांनीच घरोघरी पोचवली. आजचा कोणताही ट्रॅक्टर पाहा, मागे तेच तीन सांधे दिसतील. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचले, ते पट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरवरूनच. आबांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळली, तेव्हा त्यांनी म्हणे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर शेंदराचा टिळा लावला होता.

आपल्याकडे ट्रॅक्टर बनू लागले ते त्यानंतर. फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये तयार झाला. मद्रासची टॅफे १९६० मध्ये स्थापन झाली. पुढे डिझेलचे युग आले. १९७१ मध्ये आबांनीही डिझेल ट्रॅक्टर घेतला आणि फर्ग्युसनकडे कुट्टी कापण्याचे हलके काम उरले. काही वर्षांनी तेही संपले. उरली ती खंडेनवमी.

सुई लांब वाटते

दादा घरी पोचले तेव्हा धाकट्याची बायको ओसरीवर शिलाई मशीनवर बसली होती. आबांची खाट अंगणात. दादांनी पाया पडून प्लगची पुडी उघडली. आबांनी एक प्लग डाव्या हातात घेतला, उलटसुलट केला आणि खाटेवर टाकून दिला. मग काठीने कोठीच्या खोलीकडे दाखवत राहिले.

कोठीत फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. आत तेलकट कागदात गुंडाळलेले चार प्लग. टोके झिजलेली, चिनी मातीवरची अक्षरे पुसून गेलेली. तीन अगदी सारखे. चौथ्याला लाल दोरा बांधलेला.

धाकटी भावजय मशीन थांबवून जवळ आली. तिने एका हातात जुना आणि एका हातात नवा प्लग धरला.

"भाऊजी, ही सुई जरा लांब वाटते."

"सुई कसली? प्लग आहे तो."

"तेच हो. मशीनला लांब सुई लावली तर खाली बॉबिनच्या डबीवर आदळते. ह्या नव्याचे आटे पाहा, जुन्याहून खाली येतायत."

दादांनी पट्टी लावली. जुन्याचे आटे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. नव्याचे पाऊण इंच, १९ मिलिमीटर. जाडी तीच, म्हणून प्लग व्यवस्थित बसला असता. पण सहा मिलिमीटर आत लोंबकळला असता. पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याच्यावर आदळला असता, किंवा उघडे पडलेले आटे तापून लाल झाले असते आणि इंधन वेळेआधीच पेटले असते. याउलट आखूड प्लग बसवला तर ठिणगी भोकातच दडून राहते आणि इंजिन नीट पेटत नाही.

दुकानदाराने जाडी पाहिली, लांबी पाहिलीच नव्हती. ती पाहिली, रोज ब्लाउज शिवणाऱ्या बाईने.

व्हॅनगार्डचे नाते

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ देवासला चाचांकडे गेले. चाचांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. गॅरेज आता नातू पाहतो. ते दारात खुर्ची टाकून बसतात. फर्ग्युसनचे नाव ऐकताच ते उठले.

"भैया, हे इंजिन मला माहीत आहे. आमचे वालिद व्हॅनगार्ड टॅक्सी दुरुस्त करायचे. त्याच घराण्यातलं इंजिन आहे हे."

ते खरेच होते. फर्ग्युसन ट्रॅक्टर कोव्हेन्ट्रीच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने बनवला आणि त्याच जातीचे इंजिन आपल्या व्हॅनगार्ड मोटारीत बसवले. ती मोटार मद्रासला जुळवली जायची. त्यामुळे शेतातल्या राखाडी ट्रॅक्टरची आणि शहरातल्या टॅक्सीची दुखणी सारखी होती, औषधेही सारखी.

चाचांनी डब्यातले प्लग उन्हात धरले आणि नातवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागले. प्लग घेताना तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, आट्यांची जाडी. दुसरी, आट्यांची लांबी. तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही: प्लग गरम आहे की थंड. आतल्या चिनी मातीचे नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता; असा प्लग स्वतः गरम राहतो आणि अंगावर बसलेली काजळी जाळून टाकतो. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते. तो थंड प्लग. वेगाने, जोराने चालणाऱ्या इंजिनाला थंड लागतो. हळू चालणाऱ्या, काजळी धरणाऱ्या इंजिनाला गरम. फार थंड दिला तर काळा पडून बंद होतो. फार गरम दिला तर स्वतःच निखारा होतो आणि पिस्टन जाळतो.

"आणि आकड्यांवर जाऊ नका," चाचा म्हणाले. "एनजीकेचा आकडा मोठा तर प्लग थंड. चॅम्पियनचा आकडा मोठा तर प्लग गरम. बॉशने तर मधेच पद्धत बदलली. जुन्यात मोठा आकडा थंड, नव्यात मोठा आकडा गरम. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की घोटाळा झालाच."

चाचांनी एनजीकेचा बी ६ एच एस सुचवला. त्यातला बी म्हणजे चौदा मिलिमीटर जाडी, सहा म्हणजे उष्णतेचा क्रमांक, एच म्हणजे अर्धा इंच लांबी. दादा आदल्या दिवशी घेऊन आले होते त्यावर एचच्या जागी ई होता. ई म्हणजे पाऊण इंच. एका अक्षराचा फरक!

मग चाचांनी लाल दोऱ्याचा प्लग उचलला. "हा वेगळा आहे. याचं नाक लांब आहे. बाकीच्यांपेक्षा गरम."

"चुकून आला असेल त्यात," दादा म्हणाले. "मिळेल तो लावला असेल कधीतरी. तुम्ही चारही एकसारखे द्या."

चाचांनी दादांकडे पाहिले, पुन्हा प्लगकडे पाहिले. "देतो. लावून पाहू. प्लग स्वतःच सांगतो काय ते."

तीन बोलतात, एक गप्प

नवमीला चार दिवस उरले होते. टाकीतले जुने पेट्रोल काढून ताजे भरले. कार्बुरेटर साफ केला, पॉइंट घासले, नवी बॅटरी लावली. प्लग काढण्याआधी भोवतीची धूळ फुंकून काढली, नाही तर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. फीलर गेजने प्लगमधली फट बघितली. ती कमी-जास्त करायची तर फक्त बाजूचा दांडा वाकवायचा, मधल्या टोकाला हात लावायचा नाही. प्लग थंड इंजिनात हातानेच फिरवत बसवले आणि वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा दिला.

फर्ग्युसनला स्टार्टरचे वेगळे बटण नसते. गिअरची दांडी 'एस' या खुणेकडे न्यायची, म्हणजे स्टार्टर फिरतो. गिअरमध्ये असताना गाडी चुकून सुरू होण्याची भीती नाही. दादांनी दांडी सरकवली. इंजिन कण्हले, थांबले, पुन्हा कण्हले. चौथ्या खेपेला निळसर धुराचा लोट सोडून ते पेटले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खाटेवर आबा डावा हात मांडीवर आपटू लागले.

वीस मिनिटांनी आवाज बदलला. धडधडीत एक ठोका चुकू लागला. चाचांनी रबरी मुठीच्या पकडीने एकेक वायर क्षणभर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन आणखी अडखळले. तिसरी, चौथी, तसेच. दुसरी काढली, काहीच फरक पडला नाही. म्हणजे दुसरा सिलिंडर गप्पच होता.

प्लग बाहेर काढले. तीन कोरडे, बिस्किटासारख्या तपकिरी रंगाचे. निरोगी इंजिनाची ती खूण. दुसरा मात्र काळा, तेलाने ओला. पुसून पुन्हा लावला, पुन्हा वीस मिनिटांनी तेच.

"या सिलिंडरच्या रिंग झिजल्यात," चाचा म्हणाले. "तेल वर येतं आणि प्लग विझवतं. इंजिन खोलावं लागेल. सामान शोधायचं, महिना-दीड महिना धरा."

दादा मटकन ओट्यावर बसले. नवमी गेली, गिऱ्हाईक गेले, आणि आबांनी मागितलेली एकच गोष्टही गेली.

खाटेवरून काठीचा आवाज आला. आबा खाटेच्या लाकडावर काठी आपटत होते. दादा जवळ गेले. आबांनी पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवले. दादांनी डबा समोर धरला. आबांनी चाचपडत लाल दोऱ्याचा प्लग काढला, दादांच्या तळहातावर ठेवला आणि डाव्या हाताची दोन बोटे वर केली.

"दुसरा?" दादा म्हणाले. "हा दुसऱ्या सिलिंडरचा?"

आबांनी मान हलवली. दोन बोटे तशीच वर होती.

चाचा कपाळावर हात मारून हसले. "वा, दाजी! म्हणजे हा चुकून आलेला नव्हता. तेल धरणाऱ्या सिलिंडरला एक पायरी गरम प्लग. बाकीच्यांना तो सोसला नसता आणि बाकीच्यांचा याला पुरला नसता. जुने लोक असंच इंजिन चालवत ठेवायचे. रिंग बदलण्याचं औषध नव्हे हे, पण काम भागतं."

त्यांनी नातवाला पिटाळून बी ५ एच एस मागवला. एनजीकेचा आकडा लहान, म्हणजे प्लग गरम. "एकच पायरी," त्यांनी बजावले. "आणि याला नांगराला जुंपू नका. जड कामात हाच प्लग घात करील."

नवमीची संध्याकाळ

खंडेनवमीला फर्ग्युसन चाळीस मिनिटे चालला. धूर निळा होता, पण ठोका एकही चुकला नाही. इंजिन निवल्यावर दादांनी दुसऱ्या नंबरचा प्लग काढून पाहिला. रंग इतरांपेक्षा गडद, पण कोरडा होता. ते तो प्लग हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले.

रात्री बडोद्याहून ताईचा फोन आला. दादांनी सगळी हकिगत सांगितली. ताई ऐकत होती. मग म्हणाली, "तुला ठाऊक नाही. तुला मामाकडे सोडून आले त्या रात्री आबा जेवले नव्हते. आईला म्हणाले, चौघांना एकच हवा सोसेल असं नाही. आदल्या मळणीत तुझे ओठ निळे पडले होते रे. भुशाच्या घरात तुला ठेवायची त्यांची छाती होईना."

"मग मळणी झाल्यावर घरी का नाही आणलं?"

"दोनदा आणलं की. तू पाच वर्षांचा असताना आणि सात वर्षांचा असताना. दोन्ही वेळा पुन्हा दवाखाना. तू लहान होतास, विसरलास. आणि आबा कधी बोलून दाखवणारे होते का?"

दादांनी फोन ठेवला. अंगणात आबा जागेच होते. दादा खाटेच्या कडेला बसले. पन्नास वर्षांपूर्वी विचारायचा प्रश्न आता विचारण्याची गरज उरली नव्हती. त्यांनी नुसता आबांचा लुळा उजवा हात आपल्या हातात घेतला. आबांनी डाव्या हाताची दोन बोटे पुन्हा वर केली आणि मग ती दादांच्या छातीवर टेकवली.

सिलिंडर म्हणायचा होता की मुलगा, हे कुणी विचारले नाही.

दिवाळीनंतर पंजाबहून ट्रक आला. आबांनी विक्रीला मान हलवून होकार दिला होता. ट्रॅक्टर फळीवरून वर चढला तेव्हा त्यांनी हात जोडायचा प्रयत्न केला. डावा उजव्यापर्यंत पोचला, तेवढ्यावरच भागले. पैशांतून विहिरीचे काम पुरे झाले.

ट्रक निघण्याआधी दादांनी एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत हिंदीत लिहिले आणि तो पुठ्ठा स्टिअरिंगला बांधला: "दूसरे नंबर का प्लग अलग है। जानबूझकर लगाया है। बदलना मत।"

लाल दोऱ्याचा जुना प्लग मात्र त्यांनी डब्यात ठेवला नाही. तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. आबांनी ते पाहिले, आणि परत मागितला नाही.